पुलाची गोष्ट पुलापाशीच लिहा

पेण-रोहा भागात रस्त्याच्या कडेला इतिहासाचे फलक लावावेत, असं कुणी म्हटलं की त्यावर येणारे आक्षेप आता मला तोंडपाठ झाले आहेत. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना फलक वाचणार कोण? लावलेच तर वर्षाच्या आत त्यांच्यावर क्लासची जाहिरात चिकटणार. शिवाय एकाचं नाव लिहिलं की दुसरा विचारणार, आमच्या आजोबांचं का नाही? आणि हे सगळं बोलून झालं की, जरा आवाज उतरवून, पोटातलं ओठावर येतं: अहो, पेण-रोह्यात सांगण्यासारखं आहे तरी काय? तिकडे रायगड आहे, तिथे लावा काय लावायचे ते.

हा शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण बाकीच्यांना बळ त्याच्याकडूनच मिळतं. ज्या गावाला इतिहास आहे असं मनापासून वाटतं, तिथे फलक कोण वाचणार हा प्रश्न कुणी विचारत नाही.

१ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. नावाबद्दल तक्रार करण्याचं कारणच नाही. पण त्या नावाबरोबर एक आळशी सवयही जिल्ह्याला लागली. इतिहास म्हणजे गड, आणि गड म्हणजे तो एकच. रोहा तालुक्यातले अवचितगड, सुरगड, घोसाळगडसुद्धा आम्ही शनिवार-रविवारच्या ट्रेकवाल्यांच्या हवाली करून मोकळे झालो. उरलेली गावं ही वाटेवरची गावं. पेण म्हणजे गणपती आणि पोह्याचे पापड, रोहा म्हणजे जिथून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते ते स्टेशन, आणि वडखळ म्हणजे अलिबागला वळायचं की सरळ जायचं एवढंच ठरवण्याचा नाका.

आता नागोठण्याचा जुना पूल घ्या. अंबा नदीवरचा हा दगडी पूल चौलच्या काझी अल्लाउद्दीनाने १५८० च्या सुमारास बांधल्याचं जुनं गॅझेटियर सांगतं, आणि त्यासाठी तीन लाख रुपये खर्ची पडल्याचंही नोंदवतं. म्हणजे अहमदनगरला निजामशाही होती, चौल हे भरभराटीचं बंदर होतं, त्या बंदराच्या मालाला आणि माणसांना पावसाळ्यात अंबा ओलांडायला वाट हवी होती, तेव्हाची ही गोष्ट. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून चार-पाच दशकं होती. त्यानंतर निजामशाही गेली, आदिलशाही गेली, मराठ्यांचं राज्य आलं आणि गेलं, इंग्रज आले आणि गेले. दरवर्षी अंबेला पूर येतो आणि गढूळ पाणी या पुलाच्या अंगाखांद्यावरून जातं. पूल उभा आहे. अलीकडे बांधलेल्या कित्येक पुलांचे कठडे पहिल्या पावसात वाहून गेल्याच्या बातम्या आपण वाचतो; इथे चारशे वर्षांचं बांधकाम हाताने चाचपून बघता येतं. एखाद्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या कॉलेजाने मुलांना इथे आणून नदीच्या अंगाचे दगडी खांब दाखवले तर एका तासिकेचं काम होईल. पण पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? बाहेरच्याला नागोठणे म्हटलं की पेट्रोकेमिकलचा कारखाना आठवतो. तो आठवावाच. फक्त त्याच्याबरोबर ५ नोव्हेंबर १९९० हा दिवसही आठवावा. त्या दिवशी तिथल्या गॅस क्रॅकर संकुलात झालेल्या स्फोटाने तीसहून अधिक माणसं गेली. तोही या गावाचा इतिहासच आहे, आणि त्याला तलवार-ढाल नाही म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही.

सांगण्यासारखं काय आहे म्हणता? पेण सोडून वडखळकडे निघालात की खाडीच्या अंगाला जी सपाट भातखाचरं दिसतात, ती निसर्गाने दिलेली नाहीत. तिथे खाजण होतं, चिखल होता, भरतीचं पाणी होतं. माणसांनी पाट्या वाहून बाहेरकाठे घातले, आतल्या जमिनीतलं मीठ पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षं धुऊन काढलं आणि मग तिथे भात उभा राहिला. बांधात ठेवलेली उघाडी ही या सगळ्या कारभाराची किल्ली. ओहोटीला तिचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं, आतलं पावसाचं पाणी निघून जातं. भरतीचा लोट आला की तेच दार पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. वीज नाही, यंत्र नाही. बांधाला खांड पडली की मात्र एका रात्रीत शेत खारं होतं आणि पुढची काही वर्षं हातची जातात. हे बांध राखण्याची जुनी शिलोत्री व्यवस्था होती. बाहेरचा बांध सांभाळण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची आणि त्याबदल्यात शेतकऱ्यांकडून धान्याचा ठरलेला वाटा. ती व्यवस्था ढासळली तेव्हा मुंबई सरकारला १९४८ मध्ये खार जमिनींसाठी वेगळा कायदा करावा लागला, आणि पुढे महाराष्ट्राने १९७९ मध्ये स्वतःचा केला. हॉलंडने समुद्र हटवला म्हणून आपण शाळेत निबंध लिहितो. या खारेपाटाच्या पोरांनी आपल्या आज्या-पणज्यांवर तो का लिहू नये? पण त्यासाठी एखाद्या उघाडीपाशी, रस्त्यावरून दिसेल अशा जागी, चार ओळी लिहिलेल्या हव्यात.

याच पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ ला एक वेगळीच गोष्ट घडली. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मतदान घेतलं, महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही यावर. विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर शेतकऱ्याला मतपेटीतून विचारण्याची देशातली ही पहिलीच वेळ. मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नाही म्हटलं. पुढे भूसंपादनाची मुदत संपली आणि प्रकल्प बारगळला. सेझविरोधी आंदोलनामागे एन. डी. पाटलांसारखा म्हातारा पण न थकणारा माणूस उभा होता. सेझ चांगला होता की वाईट, यावर आजही पेणच्या चहाच्या टपरीवर दोन तट पडतील. पडू देत. मतदान झालं, या तारखेला झालं, या गावांत झालं, यावर तट पडण्याचं कारण नाही. फलकाने एवढंच सांगायचं असतं.

आणि कोलाडचं काय? कोलाड रोहा तालुक्यात आहे, याचीही मुंबईहून रबरी होड्यांतून कुंडलिकेत उतरायला येणाऱ्या मंडळींना कल्पना नसते. एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या नद्या कोरड्या पडलेल्या असताना कुंडलिकेला सकाळी धो धो पाणी कुठून येतं, हा प्रश्न हेल्मेट आणि जॅकेट चढवताना कुणाला पडत नाही. ते पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून, मुळशी धरणातून येतं. भिऱ्याच्या वीजघरात टाटांची वीज तयार करून झाल्यावर ते खाली सोडलं जातं. आणि त्या धरणासाठी मावळातल्या गावांची जमीन गेली, म्हणून १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते होते. तो सत्याग्रह हरला, धरण झालं, १९२७ पासून भिऱ्याला वीज निघू लागली. धरणग्रस्तांच्या लढ्यांचा इतिहास भारतात जिथून सुरू होतो, त्या पाण्यावर आपण फोटो काढतो. होडीत चढण्याच्या घाटापाशी हे लिहिलेलं असलं तर कुणाची मजा कमी होणार आहे? मला तर वाटतं, वाढेल.

आता मोबाईल. हा आक्षेप सगळ्यात हुशार वाटतो आणि सगळ्यात पोकळ आहे. मोबाईल तुम्ही विचाराल त्याचं उत्तर देतो. नागोठण्याच्या पुलाबद्दल विचारायला आधी तो पूल जुना आहे हे माहीत असावं लागतं. जे माहीत नाही त्याबद्दल माणूस विचारणार कसा? फलकाचं काम इथेच सुरू होतं. तो तुम्ही न विचारता बोलतो, आणि तुम्ही त्या जागी उभे असताना बोलतो. दुसरं असं की, मोबाईलवरची चूक कुणाची नसते. कुणीतरी लिहिलं, कुणीतरी पुढे ढकललं, सकाळच्या नमस्काराबरोबर ते पाचशे लोकांना गेलं. फलकावरची चूक मात्र ग्रामपंचायतीच्या किंवा बांधकाम खात्याच्या नावावर असते, आणि ती रोज डोळ्यांसमोर असते. गावातला निवृत्त मास्तर तारीख चुकल्याचं पत्र देऊ शकतो, आणि पत्र दिलं की कुणालातरी उत्तर द्यावं लागतं.

चूक होऊ शकते याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. भारताचे माजी अर्थमंत्री आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याचे, असं इथे कुणीही छातीठोक सांगेल. घराणं रोह्याचं, बालपण रोह्यात, १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेले तेही कुलाब्यातूनच. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं तेव्हा संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण त्यांचा जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. रोह्यात फलक लावताना ‘जन्मस्थान’ लिहिलं की नातेकर हरकत घेतील, आणि ती घ्यायलाच हवी. उलट पांडुरंगशास्त्री आठवले १९२० मध्ये रोह्यातच जन्मले. तिथे ‘जन्मस्थान’ लिहायला कुणाची ना नाही. विनोबांचं तर आणखी वेगळं. पेण तालुक्यातलं गागोदे हे त्यांचं जन्मगाव, १८९५ चं. पण दहाव्या वर्षाच्या सुमारास ते बडोद्याला गेले. तेव्हा गागोद्याच्या फलकावर भूदानाची सगळी कथा उतरवण्यापेक्षा, तो मुलगा इथे कसा वाढला तेवढं लिहावं. माणूस मोठा झाला म्हणजे त्याची सगळी कीर्ती जन्मगावच्या खात्यावर जमा होत नाही.

वादाच्या भीतीला मात्र मी हसण्यावारी नेत नाही. तिच्यात दम आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९२७ पासून हमरस्त्यांवर असे फलक लावायला सुरुवात केली आणि आज तिथे अडीच हजारांहून जास्त फलक उभे आहेत. पण सुरुवातीची कित्येक दशकं ते फलक सेनापतींचे, लढायांचे आणि गोऱ्या जमीनदारांच्या वाड्यांचे होते. त्या वाड्यांत राबणाऱ्या गुलामांबद्दल त्यांवर अवाक्षर नव्हतं. जेम्स लोवेन या अभ्यासकाने १९९९ मध्ये अख्खं पुस्तक लिहून देशभरच्या अशा फलकांचे आणि स्मारकांचे वाभाडे काढले. आमचे विरोधक हे उदाहरण फेकतात आणि म्हणतात, बघा, फलक म्हणजे सत्तावाल्यांचा इतिहास. पण त्यांनी पुढचं वाचलेलं नसतं. तिथे लोकांनी फलक उखडून विषय संपवला नाही, मजकूर बदलून घेतले आणि वगळलेल्या माणसांचे नवे फलक लावून घेतले. फलक होते म्हणूनच कुठे काय गाळलंय हे बोट ठेवून दाखवता आलं. आपल्याकडे फलकच नसल्यामुळे गाळलेलं दिसतही नाही.

उदाहरण चिरनेरचं. पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यातलं हे गाव. २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मे झाले. त्यांत एक नाग्या महादू कातकरी. जंगलाचा कायदा कुणाच्या पोटावर येत होता हे त्या एका नावावरून कळतं. त्याच गोळीबारात मामलेदार जोशीही मेले. म्हणजे सरकारचा माणूस सरकारच्याच गोळीबारात गेला. चिरनेरला स्मारक आहे, दरवर्षी मानवंदनाही होते. पण पनवेलहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता तिथून किती जवळ आहे, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? तेच वडखळहून अलिबागला जाणाऱ्या रस्त्याचं. पोयनाडच्या आसपास चरी गाव लागतं. १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथे खोतांविरुद्ध कुळांचा संप सुरू झाला आणि तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं जमीन पडीक ठेवून लोक अर्धपोटी राहिले. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. आणि आज शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या मोटारींची रांग चरीच्या फाट्यावरून अलिबागच्या फार्महाऊसकडे जाते. खोतांच्या वंशजांना वाईट वाटेल म्हणून फलक लावायचा नाही, असं उघडपणे कुणी म्हणत नाही. पण ‘वाद नको’ याचा अर्थ बऱ्याचदा तोच असतो.

राहिली नासधूस. अलिबाग तालुक्यातल्या अक्षी गावी शिलाहारांच्या काळचा शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं त्याच्या वर्षाचं एक वाचन आहे. ते मानलं तर तो मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी ठरतो. या वाचनावर अभ्यासकांत वाद आहे. एवढा मोलाचा दगड वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभा होता. म्हणजे आपल्याकडे रस्त्याकडेचा फलक ही काही परदेशी फॅशन नाही. आणि नासधुशीचा बंदोबस्तही त्या काळच्या लोकांनी करून ठेवला होता. दानाचा हुकूम मोडणाऱ्याला गाढवाच्या शिल्पासकट जी शिवी दगडावर कोरलेली असते, ती या मासिकात छापता येणार नाही. आजची पुरातत्त्व खात्याची निळी पाटी सौम्य आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी पाटीवर एवढंच असतं. वास्तू कुणी बांधली हे शोधावं लागतं, ती खराब केली तर काय होईल ते मात्र पहिल्या ओळीत वाचायला मिळतं. फलक खराब होतील म्हणून लावू नयेत असं म्हणणाऱ्यांनी कधी वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल ही चिंता केली आहे का? फ्लेक्स फाटला की दुसऱ्या दिवशी नवा लागतो. इच्छा असली की खांबही मिळतात, दोऱ्याही मिळतात आणि रात्री अकराला शिडी घेऊन येणारी पोरंही मिळतात.

खर्चाची गोष्ट तर काढूच नये. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. तेव्हापासून या रस्त्यावर काय ओतलं आणि काय उखडलं हे पेणकरांना वेगळं सांगायला नको. त्या रुंदीकरणात जुने वड गेले, कुठे विहिरी बुजल्या, मैलाचे दगड मातीखाली गेले. गेलेलं परत येणार नाही. पण एका गावच्या स्वागत कमानीच्या खर्चात दहा गावांचे फलक होतील, हे कुठलाही ठेकेदार सांगेल.

नियम मात्र कडक हवेत. लंडनमध्ये १८६६ पासून घरांवर नावांच्या पाट्या लावण्याची योजना आहे, आणि माणूस मरून वीस वर्षं झाल्याशिवाय त्याच्या नावाचा विचार होत नाही. रायगड जिल्ह्याने हा एक नियम जरी घेतला तरी निम्मं काम झालं. उद्घाटकाचं नाव फलकावर नको, सौजन्य नको, कुणाचा फोटो नको. ‘पावन भूमी’, ‘देदीप्यमान’, ‘सोनेरी अक्षरांनी’ हे शब्द रंगाऱ्याला आधीच बजावून वर्ज्य करावेत. तारीख असावी. माहिती कुठून घेतली ते असावं. दंतकथा असेल तर दंतकथा म्हणून लिहावं. अवचितगडाच्या तटातल्या शिलालेखात शके १७१८ चा चैत्र शुद्ध प्रतिपदेचा दिवस नीट कोरलेला आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला तिथी लिहिण्याची शिस्त होती, तर आपल्या बांधकाम खात्याला ती जड जाऊ नये.

मजकूर कसा असावा असं विचाराल तर नागोठण्यासाठी मी असा लिहीन: ‘अंबा नदीवरील हा दगडी पूल चौलचे काझी अल्लाउद्दीन यांनी निजामशाहीच्या काळात, १५८० च्या सुमारास बांधला, असे कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये नोंदवले आहे. चौल बंदराकडे जाणारी वाहतूक या पुलावरून होत असे.’ दोन वाक्यं. मराठीत वर, इंग्रजीत खाली. त्याशेजारी खांबावर एक आडवी रेघ ओढून तिच्यापुढे जुलै १९८९ लिहावं, त्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या रहिवाशांना विचारून. त्याच अंबेने त्या वर्षी वर जांभूळपाड्यात हाहाकार केला होता. नदीकाठी नवं घर बांधणाऱ्याला या रेघेइतका उपयोगी इतिहास दुसरा नाही.

पेण आणि रोहा पंचायत समित्यांना, आणि नागोठणे ग्रामपंचायतीला, माझी विनंती एवढीच. पहिला फलक या पुलावर लावा. मजकूर वर दिलेला आहे. त्यात चूक असेल तर पुराव्यासकट दुरुस्त करा. वाद होणार असेल तर ग्रामसभेत होऊ द्या. फक्त ‘लोक वाचणार नाहीत’ हे कारण सांगून विषय पुढच्या बैठकीवर ढकलू नका.